थंडी पडली की घोडी खोगिराखाली बिघडते – कारण कुठं शोधायचं?

कोरेगावकर (धागाकर्ता)
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. काठेवाडी घोडी, वय ७, उंची १४.२ हात (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, म्हणजे १४ हात २ इंच). पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत खोगिराखाली काही तक्रार नसते. नोव्हेंबर सरला की सुरू. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की कान मागं टाकून दंडाला चावायला येते. वर बसल्यावर पहिली दहा मिनिटं पाठ कमानीसारखी ताणलेली, मधूनच उसळते. उजवीकडं वळवलं की तोंड वर झुगारते, डावीकडं ठीक. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आला की आडवी होते.

खुराक सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो, हरभरा आणि बाजरी निम्मीनिम्मी, थंडी म्हणून वर मूठभर गूळ. वैरण म्हणजे वाढे (उसाचे शेंडे), थोडा कडबा आणि दिवाळीनंतर कापलेलं डोंगराचं गवत. शेवटची वैरण संध्याकाळी सहाला. रपेट रविवारी सकाळी साडेसहाला, मधल्या दिवसांत जमेल तशी. खोगीर इंग्लिश पद्धतीचं, खाली नमदा (जाड गादी).

माणदेशी
आवो, यात शोधायचं काय? बाजरी, गूळ आन् आठवडाभर खुंट्याला उभी. मस्ती चढणारच. दाणा निम्मा करा, रोज घाम काढा. नाही सुधारली तर मग बाकीचं बघा.

घोडेवैद्य
दाण्याबद्दल माणदेशी बरोबर आहेत, पण क्रम उलटा हवा. आधी दुखणं बघायचं, मग घाम काढायचा. दुखणाऱ्या पाठीवर रोज काम दिलं तर घोडी दमून गप्प होते आणि आपल्याला वाटतं सुधारली.

आपल्याकडच्या थंडीनं घोडा गारठत नाही. अंग सुकं आणि पोटात वैरण असेल तर साधारण ५ ते २५ अंश सेल्सिअसमध्ये घोडा सुखात असतो. साताऱ्यातली डिसेंबरची पहाट बहुतेकदा १० अंशांच्या वरच असते. म्हणून थंडीबरोबर दुसरं काय बदललं ते शोधा: वैरण, रात्रीची लांबी, कामाचे दिवस, रपेटीची वेळ, अंगावरचं मांस, रस्त्यावरची वर्दळ. तुमच्या यादीत यातल्या बहुतेक गोष्टी आहेतच.

घोडी नेमकी कधी बिघडते यावरून बरंचसं कळतं. तंग आवळताना चावत असेल तर तंगाखालची कातडी, बरगड्या आणि जठरातले व्रण बघायचे. वर बसताच पाठ ताणत असेल तर खोगीर आणि पाठ. सुरुवातीला ताठ आणि मग मोकळी होत असेल तर आखडलेपण किंवा साठलेला जोर. सुरुवात चांगली करून वीस मिनिटांनी बिघडत असेल तर लंगडेपणा किंवा स्नायूंचं दुखणं, आणि हा प्रकार जास्त काळजीचा. एकाच बाजूला वळताना तोंड झुगारत असेल तर आधी तोंड उघडून बघा. तुमच्या घोडीत तीन-चार कारणं एकत्र दिसतायत, त्यामुळं एकच औषध शोधत बसू नका.

रपेटवाली
घोडी म्हटल्यावर कुणीतरी 'माजावर असेल' म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. घोड्या दिवस मोठा असताना माजावर येतात. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो, त्यामुळं काही घोड्या हिवाळ्यातही माज दाखवतात, पण तो साधारण तीन आठवड्यांच्या चक्रानं येतो आणि पाच-सात दिवसांत जातो. नोव्हेंबरअखेरपासून रोज तेच चाललंय म्हणजे माजाला दोष देता येणार नाही. कॅलेंडरवर खूण करत चला, शंका मिटेल.

कृष्णाकाठ
थंडीची झूल घालावी का? सांगलीकडं बरेच जण गोणपाट बांधतात.

घोडेवैद्य
सुक्या घोड्याला गरज नाही. घामानं भिजलेला असेल आणि वारा असेल तर मात्र खरारा मारून, गवताच्या बोळ्यानं चोळून सुकवा, तोवर पातळ झूल चालेल. ओल्या अंगावर गोणपाट बांधून ठेवलं की कातडीला बुरशी धरते आणि पुढं तिथंच खोगीर टेकतं.

ऊब हवी असेल तर वैरण वाढवा. मोठ्या आतड्यात वैरण आंबताना जी उष्णता निघते ती दाण्यापेक्षा जास्त असते. बाजरी-गूळ 'उष्ण' म्हणून देतात, त्यानं घोडीत ऊब कमी आणि उसळी जास्त भरते.

माणदेशी
मग दाणा नेमका किती द्यायचा तेबी सांगा की.

घोडेवैद्य
आधी वजन काढा. साधी टेप घ्या. कोपरांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर साधारण ३२३ किलो.

एवढ्या वजनाच्या नुसत्या उभ्या घोड्याला दिवसाला साधारण ११ मेगाकॅलरी पचनीय ऊर्जा लागते. हरभरा-बाजरी किलोला सव्वातीनच्या आसपास देतात. म्हणजे चार किलो दाण्यातच १३ झाली, वैरण अजून मोजलेलीच नाही! धागाकर्ते, हे दोन किलो कोरडं वजन की भिजवल्यावरचं? हरभरा भिजून जवळजवळ दुप्पट भरतो.

कोरेगावकर
कोरडं. घेर १६२, लांबी १४९.

घोडेवैद्य
म्हणजे ३२९ किलो. आठवड्यातून दोन-तीन हलक्या रपेटींसाठी कोरडा दाणा एक ते सव्वा किलो पुरे, तोही दोन तोबऱ्यांत (तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशव्या). गूळ बंद. बाजरी भरडूनच द्या, नाहीतर अख्खी लिदीतून जाते. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करायचा, हा नियम मोडू नका. पूर्ण दाण्यावर उभ्या घोड्याला दुसऱ्या दिवशी एकदम कामाला लावलं की स्नायू आखडतात. घोडा घामाघूम होतो, पुठ्ठे दगडासारखे लागतात, मागचे पाय उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी 'चालवून मोकळा करू' म्हणाल तर नुकसान वाढेल. जागच्या जागी उभा करा, खोगीर उतरवा, पाणी द्या, डॉक्टरांना बोलवा. पोटदुखीत थोडं चालवतात म्हणून लोक इथंही चालवतात, ती गल्लत करू नका.

वैरण वजनाच्या दीड टक्का तरी कोरड्या हिशेबानं हवी, म्हणजे तुमच्याकडं किमान पाच किलो. जमलं तर साडेसहा.

आता रात्र. तुमची शेवटची वैरण सहाला आणि रपेट साडेसहाला. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. चघळताना सुटणारी लाळ ते आम्ल शमवते. घोडी वैरण तासा-दोन तासांत संपवते आणि मग दहा तास उपाशी. पळताना पोट आवळलं की हे आम्ल जठराच्या वरच्या भागात उसळतं, आणि त्या भागाला आम्लापासून राखणारं अस्तर नसतं. तंगाचा राग बऱ्याचदा इथून येतो. रात्री दहाला कडब्याची कुट्टी किंवा गवत जाळीत भरून टांगा, म्हणजे हळूहळू खाईल. आणि खोगीर टाकण्याआधी अर्धा तास किलोभर लसूणघास (लुसर्न) द्या. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्ल शमवतात आणि वैरणीचा थर जठरात तरंगत राहतो. उपाशीपोटी रपेट नको.

व्रणांची खात्री दुर्बीण घालूनच होते. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सोय आहे का विचारा. नसेल तर डॉक्टर काही आठवडे ओमेप्रॅझोल देऊन फरक पाहतात. मात्रा तेच वजनावरून ठरवतील. माणसांच्या कॅप्सूल फोडून तोबऱ्यात टाकू नका, वरचं आवरण गेलं की औषध जठरातच वाया जातं.

कृष्णाकाठ
वाढ्यांबद्दल कुणी बोललं नाही. कारखाने सुरू झाले की आमच्या भागात फुकटात मिळतात, म्हणून घोड्यालाही तेच. गाई-म्हशींना चालतात, पण घोड्याची गोष्ट वेगळी. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. हत्तीगवताचंही तेच. वर गव्हाचा कोंडा दिला तर त्यात फॉस्फरस भरपूर. महिनोन्‌महिने असं चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. चाल आखूड होते, आज या पायात तर उद्या त्या पायात लंगड, आणि पुढं चेहऱ्याची हाडं सुजतात. वाढे वैरणीच्या पाव हिश्श्याच्या वर नेऊ नका. लसूणघास जोडीला ठेवा.

आणि कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. विषबाधेचा धोका तर आहेच, शिवाय घोड्यात मूत्राशय आणि मागचे पाय दोन्ही जातात. वाळलेला कडबा चालतो.

रपेटवाली
मला 'दिवाळीनंतर कापलेलं डोंगराचं गवत' हे वाचून खटकलं. त्यात कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) आहे का? असेल तर उजवीकडचं तोंड झुगारणं आणि तंगाचा राग, दोन्हींचा एक धागा तिथं सापडेल. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि उलट्या केसांमुळं ते पुढंच सरकतं. हिरड्यांत, जिभेखाली, ओठाच्या कोपऱ्यात रुततं. तिथंच लगामाची तोंडातली कडी टेकते. तीच कुसळं नमद्यात आणि तंगाच्या अस्तरात घुसतात. नमद्यावरून तळहात उलटसुलट फिरवा, हाताला टोचलं तर घोडीला काय होत असेल ते कळेल.

तोंड बघताना जीभ एका बाजूनं बाहेर काढून दुसऱ्या बाजूला टॉर्च मारा. दाढांच्या मध्ये बोट घालू नका, बोट जाईल. बाहेरून गालावरून वरच्या दाढांची कड चाचपता येते. दाबल्यावर डोकं मागं घेत असेल तर आत धार आली आहे. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळं वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्यांना आतून धार येते. लिदीत अख्खा हरभरा दिसतो का? अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे गव्हाणीत पडतात का? पहिल्या वरच्या दाढेपुढं छोटा वुल्फ टूथ असेल तर कडी नेमकी त्याला लागते.

कोरेगावकर
बघितलं. गवतात कुसळी भरपूर आहे. नमद्याच्या उजव्या बाजूला आणि तंगाच्या अस्तरात कुसळं निघाली. कोपरामागं उजवीकडं तंगाखाली रुपयाएवढी जाड, केस गेलेली जागा आहे. उजव्या ओठाच्या कोपऱ्याच्या आत लाल चट्टा. लिदीत अख्खे हरभरे आहेत. उजव्या गालावर दाबलं की डोकं ओढून घेते. डॉक्टरांना दात बघायला बोलावलंय. तोवर खोगीर कसं तपासू?

रपेटवाली
डॉक्टर येईपर्यंत लगाम आणि तंग दोन्ही बंद. मोहरकीवर (तोंडात कडी नसलेला दोरीचा मोहरा) हातानं चालवा. ती जागा मिठाच्या कोमट पाण्यानं धुऊन सुकी ठेवा.

खोगीर आधी नमद्याशिवाय ठेवून बघा. खांद्याच्या पात्यामागं ठेवा, पातं मोकळं हललं पाहिजे. खोगिराच्या समोरच्या कमानीत आणि विदर्सच्या (मानेच्या बुडाशी, खांद्यांवरच्या) उंचवट्यात दोन-तीन बोटं मावली पाहिजेत, तेही वर माणूस बसलेला असताना. मग पॅनेलखालून (खोगिराच्या खालच्या गाद्या) हात सपाट घालून पुढून मागं न्या. मध्ये हात सैल आणि पुढं-मागं आवळला तर खोगीर पुलासारखं बसलंय, सगळा भार चार ठिकाणी पडतोय. खोगिराची मागची कड शेवटच्या बरगडीच्या मागं जाता कामा नये. काठेवाडीची पाठ अरुंद आणि विदर्स उंच असतात, त्यात काम कमी झाल्यावर पाठीवरचं मांस उतरतं. दिवाळीपर्यंत बसणारं खोगीर जानेवारीत टेकतं ते यामुळंच.

नंतर पाठीवर खडूची पूड फिरवून, जुनी काळी चादर टाकून, खोगीर ठेवून दहा मिनिटं हातानं चालवा. चादरीवर पांढरे डाग जिथं गडद तिथं दाब जास्त. घामाच्या खुणांवरूनही कळतं. सगळीकडं ओलं आणि मध्येच सुका ठिपका असेल तर तिथं दाबानं घाम अडलाय. त्याच ठिकाणी पुढं पांढरे केस येतात. चार नमदे घालून खोगीर 'बसवायला' जाऊ नका, अरुंद खोगीर त्यानं आणखी आवळतं.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांची पेरं मध्यम दाबानं मागं न्या. नखं लावली तर कुठलाही घोडा दचकेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

नालबंद_कराड
नाल शेवटची कधी बदलली? पावसाळ्यात खूर मऊ असतो, थंडीत कोरडा पडून आवळतो. पावसाळ्यात बसवलेल्या नालेचे खिळे मग आत दाबतात. सहा-सात आठवड्यांच्या वर नाल ठेवायची नाही. थंडीत खूर हळू वाढतो म्हणून लोक दहा-दहा आठवडे ओढतात आणि टाच वाढून घोडा ठेचकाळतो. चार खुरांवर हात ठेवा, एखादा जास्त गरम लागला की थांबा. पायाच्या मागची नाडी ठणकत असेल तर नक्कीच.

डांबरावर गुळगुळीत नाल घसरते. पहाटेच्या दवानं आणखी. एकदा घसरलेला घोडा वळणावर ताठ होतो, माणूस म्हणतो हट्टी आहे.

माणदेशी
बरं, दुखणं काढलं, दाणा कमी केला. तरी ट्रॅक्टरला भ्यायचं राहीलच की.

कृष्णाकाठ
राहील, पण कमी होईल. दुखणारा घोडा आधीच ताणलेला असतो, त्यात लहान आवाजही मोठा वाटतो. ट्रॅक्टरची भीती वेगळी काढायची. गळीत हंगामात एकामागं दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, वर स्पीकरवर गाणी. सकाळचं ऊन तिरकं असतं, लांब सावल्या पडतात, आणि घोड्याचे डोळे उजेडातून अंधारात सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात. फडात पाचट पेटवलेलं असेल तर धूर वेगळाच.

आधी उभा, बंद ट्रॅक्टर. मोहरकीवर लांबून गोल फिरवा. घोडीनं मान खाली घातली, ओठ चघळले की तिथूनच परत फिरवा. जवळ नेऊन ढकलू नका, सुटका मिळते हेच तिचं बक्षीस. मग इंजिन चालू. मग हळू जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागून, लांब अंतर ठेवून. पळणारी वस्तू पुढं जाते आणि आपण तिचा पाठलाग करतो, हे घोड्याला सोपं जातं. समोरून येणारा ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी. चाबूक मारलात तर 'ट्रॅक्टर आला की मार बसतो' एवढंच ती शिकेल. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेच्या गर्दीच्या दिवसांत त्या रस्त्यावर शिकवायला जाऊ नका.

रपेटवाली
परत सुरू कराल तेव्हाचा क्रम लिहिते. वेळ साडेआठ-नऊ. रस्ता सुकलेला असतो आणि घोडीनं खाल्लेलं असतं. लगामाची कडी कोमट पाण्यात बुडवून घाला. तंग पहिल्यांदा फक्त खोगीर घसरणार नाही एवढाच. पाच मिनिटं चालवा, एक भोक वर. पुन्हा चालवा, आणखी एक. शेवटी पुढचे पाय एकेक करून पुढं ओढा, म्हणजे तंगाखालची चिमटलेली कातडी सुटते. ओट्यावरून बसा, जमिनीवरून रिकिबीत लोंबकळून नको. त्यानं खोगीर विदर्सवर पिळलं जातं.

पंधरा मिनिटं नुसती चाल, लगाम लांब. मग दुडकी, मोठ्या वर्तुळात, दोन्ही बाजूंनी सारखी. चाल-दुडकी-चाल असे बदल खूप. उसळणारी घोडी मान खाली घालते, म्हणून तोंड खेचत बसण्यापेक्षा तिला पुढं चालती ठेवा. बिनसलंच तर एक लगाम आखूड करून मान गुडघ्याकडं वळवा, मागचा भाग आडवा सरकला की जोर जातो. हे चालीत आणि दुडकीतच. भरधाव असताना किंवा डांबरावर केलंत तर दोघंही आडवे व्हाल. हेल्मेट आणि टाचेचे बूट हवेतच.

कोरेगावकर
डॉक्टर येऊन गेले. वरच्या दाढांना दोन्हीकडं धार, उजवीकडं पहिल्या दाढेला आकडा, गालाला आतून जखम. कानशीनं घासलं. वुल्फ टूथ नाही. हिरडीतून एक कुसळ काढलं. पाठ दाबल्यावर मध्यभागी थोडी कळ. खडूच्या चाचणीत खोगीर पुलासारखंच बसतंय. दाणा सव्वा किलोवर आणलाय, रात्री दहाला कुट्टी चालू. पाणी मात्र कमी पिते.

घोडेवैद्य
पाणी महत्त्वाचं आहे. तिला रोज २० ते ३० लिटर लागतं. हौदातलं पहाटेचं गार पाणी घोडे टाळतात आणि कोरड्या कडब्यावर पाणी कमी पडलं की आतडं तुंबतं. सकाळी कोमट करून ठेवा, कुट्टी शिंपडून भिजवा, २५-३० ग्रॅम मीठ रोज. लिदीचे गोळे कोरडे, लहान आणि कमी दिसले तर वाट न बघता फोन करा.

गालाची जखम भरेपर्यंत कडी नाही, साधारण आठ-दहा दिवस. डोंगराचं गवत द्यायचंच असेल तर झोडपून कुसळं काढा. त्यापेक्षा ते गाईंना घाला आणि घोडीला कडबा-लसूणघास ठेवा. पाठीची कळ खोगीर बदलल्याशिवाय जाणार नाही, त्यामुळं दुखऱ्या पाठीवर वेदनाशामक देऊन बसू नका. नवं खोगीर मिळेपर्यंत लांब दोरीवर चाल आणि दुडकी, दहा मिनिटं एका बाजूला, दहा दुसऱ्या बाजूला, दिवसाआड. वर्तुळ १५-२० मीटरचं, लहान नको. पाठीवरचं मांस भरायला यानंही मदत होते. आणि खोगीर घेताना घोडीला नेऊनच घ्या.

माणदेशी
गूळ साफ बंद म्हंजे फारच कडक झालं की वो.

घोडेवैद्य
खडा देता येईल, हातावर, रपेट संपल्यावर. तोबऱ्यात नको.